रेडिओचा काटा

मी अकोल्यात गाण्याच्या कार्यक्रमांची पोस्टरं करतो. जुन्या रेडिओचा फोटो हवा असला की रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे जातो. रेडिओची काच बनियनच्या टोकाने पुसल्याशिवाय ते फोटो काढू देत नाहीत.

मागच्या पोस्टरात मी शोभेसाठी काटा बरोबर मधोमध आणला. कच्चं चित्र दाखवलं तर चाचांनी तोंड वाकडं केलं.

"इथं कोणतं टेशन हाय? नुसती खरखर येऊन राहिली."

"चाचा, चित्र आहे ना ते!"

"मंग? लोकायनं गाणं आयकाचं नाही काय?"

मला हसू आलं, तरी छापण्याआधी काटा केसभर सरकवून टेशनवर आणला.

काल जठारपेठेत त्या पोस्टरापुढे चाचा मान कलती करून, कान देऊन उभे होते. मी चपला न वाजवता मागून निघून गेलो.