चालत्या जिनातला कापूस

कापसातली सरकी काढणाऱ्या सौंसरच्या जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या बैलबंड्या खोळंबल्या होत्या आणि कॉम्प्युटरवर माझा प्रोग्राम मख्ख बसला होता. मालक माझ्या बायकोचे मामा. म्हणजे नोकरीच्या आधी सासुरवाडीतली अब्रू जाणार होती.

"जावई, पांढुर्ण्याच्या फॅक्टरीत चालते तुमचं. इथं काऊन अडून राहिलं?"

"पाहून राहिलो, मामाजी."

"सकाळपासून पाहूनच राहिले तुम्ही! संध्याकाळी हा डबा बंडीत टाकून नागपूरले पाठवतो."

"आणि मी?"

"त्याच बंडीत."

प्रोग्राममध्ये दोन कामं एकाच वेळी चालत. एक काट्यावरचं वजन लिहून घेई, दुसरं पावती छापी. आज अशांना थ्रेड म्हणतात, आम्ही टास्क म्हणायचो. वजनाची फाइल दोघांत एकच. म्हणून जो वापरेल त्यानं तिला कुलूप लावायचं, काम झालं की काढायचं. मामाजींच्या हट्टाखातर मी एक 'थांबा' बटन दिलं होतं. दाबलं की वजनाचा टास्क जागीच ठार. त्या सकाळी बटन दाबलं गेलं आणि तो कुलूप लावून लिहीत असतानाच मेला. पांढुर्ण्याचा कॉम्प्युटर अशा वेळी कुलूप आपणहून काढी. सौंसरचा दुसऱ्या कंपनीचा, तो काढत नव्हता. पावतीचा टास्क बंद दाराशी उभा.

"मग सौंसरसाठी वेगळा प्रोग्राम लिहा," मामाजी म्हणाले.

"नाही. दोन्हीकडे एकच चालेल. आता बटन दाबलं की टास्कला फक्त निरोप जाईल. तो हातातलं लिहील, कुलूप काढील, मग स्वतःच थांबेल."

"बटन दाबूनही चालूच राहीन? मग बटन कायले?"

"मामाजी, जिनचं मशीन बंद करताना काय करता?"

"आधी कापूस टाकणं बंद. आतला निघू द्याचा. मग मोटर."

"आणि आत कापूस असताना एकदम मोटर बंद केली तर?"

"फसते ना! मग बसा रोलर साफ करत..." बोलता बोलता त्यांनी 'थांबा' बटनाकडे पाहिलं. "बरं. करा."

एक घोळ उरला. काट्यावर बंडी नसली की टास्क वाट पाहत झोपून जाई, सासुरवाडीला जेवल्यावर मी झोपतो तसा. निरोप वाचणार कोण? म्हणून त्याला दर सेकंदाला उठून निरोप बघायला लावलं.

दुपार कलल्यावर पहिली बंडी काट्यावर आली. मामाजींनी मुद्दाम भर वजनात बटन दाबलं. टास्कनं वजन लिहिलं, कुलूप काढलं, मग थांबला. पावती निघाली. मामाजींनी ती उलटसुलट पाहिली, मला टास्क पुन्हा सुरू करायला लावला आणि पुढच्या बंडीला हाक मारली.

तेव्हापासून कुठल्याही मशीनवर मी टास्क मारत नाही. थांब म्हणतो, आणि हातातलं संपवू देतो.

संध्याकाळी नागपूरला परतलो. बसनं. सीटवर बसून.