पाच भावांचे पाच वडील

थंडीत अमेरिकेत, मुलाकडे ॲन आर्बरला माझ्यासारख्या म्हातारीने करायचं काय? म्हणून सुनेच्या आईने, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, त्यांच्या घराण्याची वंशावळ शोधायचं काम माझ्या गळ्यात मारलं. घराणं मूळचं जर्मन. त्यांचे वडील नव्वदी ओलांडलेले, नर्सिंग होममध्ये अंथरुणाला खिळलेले. आपले आजोबा कुठल्या गावाहून अमेरिकेला आले, एवढं एकच त्यांना डोळे मिटायच्या आत ऐकायचं होतं.

बोटीच्या उतारूंच्या जुन्या यादीत ते आजोबा सापडले. योहान हाइनरिश, पुढे आडनाव. आता मला सांगा, मधलं नाव कुणाचं असतं? वडिलांचं! त्याच आडनावाचा एक हाइनरिश हुडकला, त्याचं गाव कळवून मोकळी झाले. विहीणबाईंनी त्या गावच्या चर्चचा फोटो वडिलांच्या उशाशी लावलासुद्धा. म्हातारबुवा येईल त्या नर्सला दाखवायचे.

पंधरा दिवसांनी त्या आजोबांच्या चार भावांची नावं हाती लागली. योहान गेओर्ग, योहान पेटर, सगळे मेले योहानच! सून माझ्या वंशावळीच्या तक्त्यावर वाकली आणि फिस्सकन हसली. ती बोलते इंग्रजीत, फक्त 'आई' तेवढं मराठीत. "आई, पाच भावांचे पाच वडील? त्यांच्या आईची अब्रू तरी ठेवा!"

म्हणे त्या काळी जर्मनांत पहिलं नाव बाप्तिस्म्याचं, ते सगळ्या भावांना एकच. हाक मारायची दुसऱ्याने. वडिलांचा संबंधच नाही. अहो, मग हाक मारायची नाही तर ते नाव ठेवता कशाला?

"तुला ठाऊक होतं, तर आधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही तक्त्याला हात तरी लावू देत होता का?"

आता त्या म्हातारबुवांना सांगायचं कुणी? चूक माझी, मीच गेले. "गाव चुकलं हो माझं," म्हटलं. त्यांनी मान वळवून फोटोकडे पाहिलं.

"मग खरं कुठलं?"

"अजून नाही सापडलं."

"मग इथे काय करताय? घरी जा, शोधा. मला वेळ नाही."

फोटो मात्र काढू दिला नाही. बर्फातून गाडी हाकत, त्या सगळ्या योहानांच्या नावाने बोटं मोडत मी घरी आले आणि कोटही न काढता तक्त्यापुढे बसले.