केझायाने उपटलेली कडी

केझाया पार्जेटर आठवड्याचे सहा दिवस खिळे घडवायची आणि सातव्या दिवशी दार राखायची. स्टॅफर्डशरच्या त्या खेड्यात घरटी एक भट्टी. पण आपला खिळा लाकडात शिरला की लाकूड कुजेल, खिळा हलायचा नाही, असं ती छाती ठोकून सांगे.

राज्याचं चर्च सोडून वेगळी प्रार्थना करणारी खेड्यात चाळीस माणसं होती, केझाया त्यांतलीच. त्यांचं सभाघर म्हणजे पूर्वीचं धान्याचं कोठार. कायद्याने परवाना दिला होता, पण अट एकच: प्रार्थना चालू असताना आतून कडी घालायची नाही. घातली, की परवाना गेला. एखाद्या भित्र्याचा हात कडीकडे जाऊ नये, म्हणून केझाया बावीस वर्षं दाराशी तिवईवर बसत आली. रविवारी लोखंडाला ती शिवतसुद्धा नसे.

त्या रविवारी दुपारी शिंग वाजलं. "चर्च आणि राजा!" अशी आरोळी टेकडीवरून खाली येऊ लागली. पुढे जोब फेरेडे खाटीक, मागे दीड-दोनशे माणसं, हातात दांडकी.

त्यांच्या आधी धावत पोचला हवालदार टिबेट. दार ओढून घेत फटीतून ओरडला, "केझायाबाई, कडी घाला! एकेकाला ठेचतील!"

"घाल गं, घाल!" आतले लोकही ओरडले. पुढच्याच बाकावर तिची लेक, दिवस भरत आलेली. केझायाचा हात कडीवर गेला आणि थबकला.

बाई? हा टिबेट उभ्या जन्मात तिला 'म्हातारे'शिवाय काही म्हणाला नव्हता. तिने फटीतून पाहिलं. गडी दाराला कान लावून उभा होता. कडीचा आवाज ऐकायला.

तिने शेगडीतली सळई ओढली आणि कडीखाली घातली.

"केझाया, आज रविवार!" पाद्रीबाबा पुटपुटले.

"ठाऊक आहे हो. सोमवारी माफी मागेन."

पहिला खिळा करकरत निघाला. दुसऱ्याला शिंग कोपऱ्यावर आलं. तिसऱ्याला पहिला दगड छपरावर पडला. चौथा हलेचना.

"कुठल्या मेलीने ठोकलाय हा एवढा!" म्हणत तिने सगळा भार सळईवर टाकला. कडी सुटली. दार सताड उघडून तिने ती बाहेर भिरकावली, ती नेमकी टिबेटच्या पायावर. तो एका पायावर नाचू लागला आणि अख्खा जमाव खदखदून हसला. तेवढ्यात लेकीला मागच्या खिडकीतून बाहेर काढलं. मग हसू सरलं आणि दांडकी आत शिरली. बाक मोडले, पुस्तकं चिखलात गेली, केझायाचा उजवा हात मोडला.

पंधरवड्याने सभाघराच्या परवान्याची सुनावणी झाली, तेव्हा न्यायाधीशापुढे टिबेट लंगडतच आला. शपथेवर म्हणाला, "कडी आतून घातलेली होती, महाराज. आणि या फेरेडेच्या लोकांचा दगड माझ्या पायावर बसला."

जोब फेरेडे ताडकन उठला. "आमचा दगड? अरे लबाडा, तुझ्या अंगाला आमच्यातल्या कुणी बोट लावलं का? या म्हातारीने उपटून फेकलेली कडी बसली तुझ्या पायावर! दोनशे जणांनी पाहिलंय!"

आणि मग त्याने जीभ चावली. पण परवाना वाचला होता.

केझायाच्या हातात हातोडा पुन्हा नीट बसला नाही. सभाघराच्या दाराला खिळ्यांची चार भोकं तशीच राहिली. हिवाळ्यात लेक म्हणाली, "बुजवू का गं? गार वारा येतो."

"येऊ दे," मांडीवरच्या नातवाला शालीत घेत केझाया म्हणाली.