कोरड्या धबधब्याचा पंचनामा

त्या धबधब्याचं प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही, आणि ते आठवलं की मला पाण्याऐवजी ऊन दिसतं. मे महिन्यातलं, पांढरं, डोळ्यांवर झापड आणणारं ऊन. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची टाळेबंदी चालू होती. मी खालापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो आणि निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं.

एरवी आमच्या हद्दीला झोप ठाऊक नव्हती. शिळफाट्याला ट्रकांचे हॉर्न, साजगावच्या कारखान्यांच्या पाळ्या, शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या गाड्या. त्या दिवसांत मात्र रस्ता इतका रिकामा असे, की नाकाबंदीवरच्या शिपायाला समोरून येणारी सायकलसुद्धा घडामोड वाटायची. दुपारी ठाण्यात पंखा आणि बिनतारी संच यांचाच आवाज. मी टेबलावर पुस्तक उघडून बसायचो. पोलीस अधिकारी वाचताना दिसला की लोकांना वाटतं, साहेबांची बदली झालेली दिसते.

आमच्या हद्दीतल्या एका ग्रामपंचायतीकडे कारखान्यांची घरपट्टी बऱ्यापैकी जमा व्हायची. वडापावच्या गाड्या, चहाच्या टपऱ्या, खानावळी, रसवंत्या बंद पडून वर्ष झालं होतं. पंचायतीनं ठराव केला, की खाण्यापिण्याचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला स्वनिधीतून मदत द्यायची. दोन हप्ते, पहिला अर्जावर, दुसरा स्थळपाहणीनंतर. योजना चांगली होती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण तिच्या शुभारंभाला दाराएवढा पुठ्ठ्याचा धनादेश केला होता, व्यासपीठावर अंतर राखून अकरा खुर्च्या होत्या, आणि ज्यांना मदत मिळायची ती माणसं गर्दी नको म्हणून बाहेर उन्हात उभी केली होती. बंदोबस्ताला मीच होतो. इतकं सगळं होऊनही योजना चांगली होती.

खबर आणली एका शेठनं. धबधब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं हिरवळीचं रेस्टॉरंट होतं. हिरवळीवर प्लास्टरचा जिराफ होता. मदतीचा पहिला हप्ता त्यांनाही मिळाला होता आणि पुठ्ठ्याच्या धनादेशाशेजारचा त्यांचा फोटो गावात फ्लेक्सवर लागला होता.

“साहेब, गरिबांच्या नावावर लोक काय काय करतात हो,” असं म्हणून त्यांनी दोन फोटो माझ्यापुढे ठेवले. पहिला गावातल्या एका बाईच्या अर्जाला जोडलेला. निळी ताडपत्री, खाली बाकडी, कढईतून निघणारी वाफ आणि मागे कोसळणारं पांढरंशुभ्र पाणी. दुसरा त्यांनी स्वतः आठवड्यापूर्वी काढलेला. नुसता काळा कातळ.

“जागा एकच?” मी विचारलं.

“एकच. हॉटेल कुठंय दाखवा. मी दोनदा जाऊन आलो. तिथं सरडा सोडून कोणी नाही. फोटो कुठनं तरी उचलून चिकटवलाय बाईनं.”

“गावात कोणाला विचारलंत?”

“गावात काय विचारायचं? सगळे एकमेकांचे पाहुणे.”

तक्रार अर्ज आवक नोंदवहीत चढला. मी ग्रामसेवकांना फोन केला. ते मार्च अखेरीला पाहणी करून आले होते, कारण अहवाल आर्थिक वर्षाच्या आत जायला हवे होते. ३१ मार्चच्या आत धबधब्यानं वाहावं, अशी कागदाची अपेक्षा असते. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘स्थळी आस्थापना आढळून आली नाही.’ म्हणजे फसवणुकीचा गुन्हा जवळजवळ तयार होता. आरोपीला विचारायचं तेवढं बाकी होतं.

बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, असा कायदा आहे. हवालदार आणि महिला शिपाई यांना घेऊन मी गावात गेलो. बाई पन्नाशीची, सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. अंगणात मांडव होता. या भागात पाऊस सरला की दारापुढे मांडव घालतात. उन्हाळाभर माणसं त्याच्या सावलीत बसतात, धान्य वाळवतात, लग्नंही उरकतात. आम्हाला तिथंच खुर्च्या दिल्या. वर जांभळीचे टहाळे वाळून तपकिरी झालेले. त्यांतून गळणारं ऊन माझ्या कागदांवर हलत होतं. मला क्षणभर आपण चौकशीला आलोय की दुपारची झोप काढायला, हेच समजेना.

“मावशी, हॉटेल कुठं आहे तुमचं?”

“हितंच हाय.”

“अर्जात धबधब्याखाली लिहिलंय.”

“थितं बी हाय.”

“एक हॉटेल दोन ठिकाणी?”

“एकच हाय, साहेब. दोन कुठनं आनू?”

आमचे हवालदार साताऱ्याकडचे. त्यांना हे पटण्यासारखं नव्हतं. “मावशी, सायबांची चेष्टा करू नगा. गुन्हा दाखल हुईल.”

“चेष्टा कसली, दादा? डोल्यांसमोर हाय की...”

इतक्यात शेजारच्या दारातून तिची जाऊ ओरडली, “तू गप गं! बोललं का लिवून घेतात ते!”

मावशी गप्प झाली. पस्तीस वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे. माणूस दंडुक्यापुढे बोलायचा थांबत नाही. पेनाचं टोपण काढलं की थांबतो. त्यानंतर ती एकदाच बोलली, तेही मी ‘गुन्हा’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगितल्यावर. “पैल्या पैशात नवी ताडपत्री आनली. दुसरं पैसं आले का मका, बेसन, तेल भरायचं. मागचा पाऊस तर बंदीतच गेला. यंदाचा बी गेला, तर मी हॉटेल लावायची नाय परत. जागा दुसरा कोन धरंल.” तिथं जागेला सात-बारा नव्हता. जो दर पावसाळ्यात उभा राहील, त्याची ती जागा, एवढाच कायदा होता.

मी जबाबात लिहिलं, ‘माझे हॉटेल माझ्या घरी आहे.’ तिनं सही केली. अर्जात एक पत्ता, जबाबात दुसरा. तिला अडकवायला आता शेठचीही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि हवालदार जागा बघायला चढलो. खाली कारखान्यांच्या चिमण्या धुराविना उभ्या होत्या. रस्त्यावर एकही गाडी नाही. गाड्यांच्या आवाजाखाली वर्षानुवर्षं दबलेले आवाज वर आले होते. कुठं तरी सुतार पक्षी, फार लांब कुणाच्या तरी घरातलं जातं. धबधब्याचा कडा कोरडा ठाक. पावसाळ्यात पाणी जिथून पडतं, तिथं कातळावर फिकट पट्टा होता, भिंतीवरून कॅलेंडर काढल्यावर राहतो तसा.

“सायेब, हितं काय बी न्हाई,” हवालदार म्हणाले आणि काठी टेकून उभे राहिले. काठी टेकली नाही, आत गेली. चांगली वीतभर.

वाळलेला पाला आम्ही बोटांनी उकरून काढला. कातळात पहारीनं पाडलेलं गोल भोक होतं. चार पावलांवर दुसरं. मग तिसरं. अशी सहा निघाली, दोन ओळींत. आतल्या कडा वापरून गुळगुळीत झालेल्या. कातळ दरीच्या बाजूला उतरता होता; खालच्या ओळीतली मेढ वरच्या ओळीतल्या मेढीपेक्षा हातभर लांब असल्याशिवाय छप्पर सरळ बसणं शक्य नव्हतं.

मी त्या उतारावर बसून राहिलो. आणि मला मावशीच्या अंगणातला मांडव दिसला. अंगण सपाट, सारवलेलं. पण मांडवाच्या भिंतीकडच्या तीन मेढी विटांच्या थरांवर उभ्या केलेल्या होत्या. काल मी त्या पाहिल्या होत्या आणि ‘गरिबाचं बांधकाम’ म्हणून सोडून दिल्या होत्या. सपाट अंगणासाठी कोणी लांब-आखूड मेढी तोडत नाही. त्या दुसऱ्या जमिनीसाठी तोडलेल्या होत्या.

“हवालदार,” मी म्हणालो, “काल आपण हॉटेलात बसलो होतो.”

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. उन्हाचे दिवस होते.

आम्ही तडक गावात गेलो आणि टेपनं मेढी मोजल्या. तीन लांब, तीन आखूड, आणि फरक हातभराचा. मी विचारलं, “मावशी, पाऊस जवळ आला की ह्या मांडवाचं काय करता?”

“काडायचा ना! पावसात मांडव कोन ठेवतो? काडायचा आनि वर न्यून हॉटेल लावायचं. दसरा झाला का हॉटेल काडून परत मांडव. साहेब, तुमच्याकडं काय करतात?”

आमच्याकडे गॅलरी असते, हे मी सांगितलं नाही.

“मग काल सांगितलं का नाही?”

“सांगत तर होते! तुमी लिवायला लागलात.”

मापं जुळली म्हणजे पुरावा झाला, पण मला शंकेला जागा ठेवायची नव्हती. त्याच आठवड्यात मी दोन पंच, ग्रामसेवक आणि तक्रारदार शेठ यांना सकाळी धबधब्यावर बोलावलं. मावशीच्या घरच्यांनी आणि जावेनं मांडव सोडला, मेढी आणि बाकडी खांद्यावरून वर आणली. कुठली मेढ कुठल्या भोकात, हे कोणी कोणाला विचारलं नाही. एकामागून एक सहाही मेढी कातळात उतरल्या आणि ताठ उभ्या राहिल्या. आडवे वासे चढले, निळी ताडपत्री ताणली गेली. पाऊण तासात भर उन्हाळ्यात, टाळेबंदीत, पाणी नसलेल्या धबधब्याखाली हॉटेल उभं होतं. ताडपत्रीखाली सगळ्यांचे चेहरे निळे दिसायला लागले.

शेठ घाम पुसत म्हणाले, “साहेब, हे आज उभं केलंय. नाटक आहे सगळं.”

“मंग तुमी बी करा की नाटक, शेठ,” मावशी म्हणाली. आता पेन माझ्या खिशात होतं. “भोकं हायत तीच. तुमचा जिराफ आना, बसतो का बगू.”

पंच मास्कच्या आत हसले. ग्रामसेवक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “साहेब, ह्याच कातळावर रेलिंग लावून व्ह्यू पॉइंट करायचा शेठचा अर्ज पंचायतीकडे पडून आहे.” मी शेठकडे पाहिलं. त्यांना अचानक मोबाईलला रेंज शोधावीशी वाटली.

मावशीनं तीन दगडांची चूल मांडून चहा ठेवला. आम्ही सगळे बाकड्यांवर अंतर राखून बसलो. बाकडी होती कड्याकडे तोंड करून, त्यामुळे आम्हीही तिकडेच बघत बसलो, जिथं काहीच पडत नव्हतं. वारा ताडपत्रीत शिरून तिचा एकसारखा आवाज येत होता. थोड्या वेळानं पाहिलं तर साताऱ्याच्या हवालदारांनी पाय बाकड्याखाली ओढून घेतले होते, तुषार उडतील म्हणून उचलावेत तसे.

ग्रामसेवक फॉर्म घेऊन आले. “साहेब, रकान्यात ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढंच लिहिता येतं. काय लिहू?”

“चहा कोणी केला?”

“मावशींनी.”

“आपण प्यायलो?”

“हो.”

“मग लिहा, चालू.”

त्यांनी लिहिलं. पंचांनी सह्या केल्या, मीही केली. तक्रार अर्ज ‘तथ्य आढळून आले नाही’ म्हणून दप्तरी दाखल झाला. शेठना मी ठाण्यात बोलावून पुढच्या वेळी खबर आणताना एकदा पावसाळ्यात जाऊन या, एवढीच समज दिली.

मावशीला दुसरा हप्ता मिळाला. जूनमध्ये मांडव अंगणातून वर गेला. कणसं आली, बेसन आलं. आणि त्याच महिन्यात सगळ्या धबधब्यांवर पर्यटकांना बंदीचा आदेश निघाला. साथ होती, गर्दी नको होती, आदेश योग्यच होता. तो अमलात आणायचं काम माझं. म्हणजे जिचं हॉटेल चालू असल्याचं मी सही करून दिलं, तिचं गिऱ्हाईक फाट्यावरून परत पाठवायला मीच उभा. मुंबई-पुण्याच्या गाड्या यायच्या, काचा खाली करून विनवायच्या, ओळखी सांगायच्या, परत फिरायच्या. वर धुक्यात निळा ठिपका दिसायचा. मी तिकडे बघायचं टाळत असे.

एका दुपारी मावशी स्वतः किटली आणि भज्यांचा पुडा घेऊन पावसातून खाली आली. नाकाबंदीवरच्या सगळ्यांना चहा ओतला.

मला राहवलं नाही. “मावशी, वर माणूस नाही. आम्हीच कोणाला सोडत नाही. कशाला रोज चूल पेटवता? बंद ठेवा महिनाभर. घरी बसा.”

तिनं किटलीचं झाकण बसवलं आणि माझ्याकडे पाहिलं. लेकराला समजावावं तशी म्हणाली, “आसं कसं, साहेब? तुमी सही करून लिवलंय ना, चालू हाय म्हनून. उद्या कोन बगायला आला आनि बंद दिसलं, तर तुमी खोटं ठरशाल.”

ती पुन्हा वर चढून गेली. संपूर्ण पावसाळा तिनं ते हॉटेल एक दिवसही बंद ठेवलं नाही. फार तर आम्ही चार पोलीस आणि वाट चुकलेला एखादा गुराखी, एवढंच गिऱ्हाईक. पंचायतीच्या मदतीवर ती टिकली, यात शंका नाही. त्या सामानाशिवाय तिला चूल पेटवता आली नसती. दसऱ्यानंतर बंदी उठली, तोवर पाणी आटलं होतं. पण जागा तिचीच राहिली. पुढच्या वर्षी गर्दी आली तेव्हा ती तिथंच उभी होती.

नोकरीत मी हजारो कागदांवर सह्या केल्या. आधी घडतं आणि मग लिहिलं जातं, असाच माझा समज होता, आणि लिहिलेलं चुकलं तर चूक लिहिणाऱ्याची. माझ्या एका सहीला खोटं पाडू नये म्हणून कोणीतरी रोज डोंगर चढून चूल पेटवेल, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलेलं नव्हतं. उरलेल्या नोकरीत मी सही करण्यापूर्वी प्रत्येक कागद दोनदा वाचला. हाताखालच्यांना वाटायचं, साहेब आता म्हातारे झाले.