कानातली शिट्टी आणि मोबाईलमधला ओढा

आमच्या मालकांचा, म्हंजी माझ्या नवऱ्याचा, डावा कान गिरणीनं आधीच खाल्ला होता. अणदुरात पिठाची गिरणी चालवायची तर कानात बोळे घालून भागत न्हाय. वरची ज्वारी संपत आली की दगडाचा आवाज बदलतो, तो ऐकूनच पुढचा डबा ओतायचा असतो. मग कानांत शिट्टी सुरू झाली. गिरणी थांबली तरी ती काही थांबंना. सोलापूरच्या कानाच्या डॉक्टर मॅडमनी तपासून सांगितलं, उजवा अजून चांगला आहे, तेवढा जपा.

दर महिन्याला एसटीनं जायचो. मॅडम त्यांना समोर बसवून निवांत बोलायच्या. शिट्टी वाजत असली तरी तिच्याकडं दुर्लक्ष करून कसं राहायचं ते शिकवायच्या. झोप लागते का, घरात चिडता का, सगळं विचारायच्या. एरवी तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस परतताना बसमध्ये चक्क गप्पा मारायचा. मला लई बरं वाटायचं.

पण सोलापूरला जायच्या दिवशी गिरणी बंद, अन् गिऱ्हाईक दुसरीकडं. दवाखान्यातच कुणीतरी म्हणालं, हे सगळं आता मोबाईलवर होतं, कशाला हेलपाटे घालता? ॲप टाकून दिलं, कानात घालायची वायर लावून दिली. त्यात शिट्टीचा विसर पडावा म्हणून वाहत्या ओढ्याचा आवाज. तो बारीक ठेवून ऐकायचा अन् रोज त्रास किती ते बोटानं दाबायचं. मालक भलतेच इमानी, एक दिवस खाडा न्हाय. ॲप रोज शाबासकी द्यायचं. मला मेलीला वाटलं, चला, सुटलो.

पुढं हाका मारल्या तरी ते वळंनात. मीच धरून सोलापूरला नेलं. मॅडमनी मोठ्यानं पहिलंच विचारलं, "कुठं बसून ऐकता?"

"गिरणीतच की. चालू गिरणीत ओढा ऐकू येईना, म्हणून आवाज पार शेवटपर्यंत चढवतो."

मॅडमचा चेहराच उतरला. तपासणी केली, तर उजवाही गेलेला. मुडदा बशिवला त्या ॲपचा! रोज प्रश्न विचारायचं, तेवढं एक विचारायला काय झालं होतं?

आता गिरणीच्या दारात उभी राहून ओरडले तरी माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत न्हाय. परवा कानाकडं बोट करून खुणेनंच विचारलं, शिट्टी तरी गेली का?

"कुठली जाती?" ते म्हणाले. "आता तेवढीच ऐकू येती."