शिगेचे बारा, सपाट पाच

लेकीच्या सासरची मंडळी रविवारी पहिल्यांदाच आमच्याकडे अमरावतीला जेवायला येणार होती आणि बायकोने वरण-बट्टीचा बेत जाहीर केला होता. तिच्या हातचं वरण उत्तम. बट्टी मात्र चिवट होते. अकोल्याला जठारपेठेत राहणाऱ्या तिच्या मोठ्या बहिणीची बट्टी खुसखुशीत असते, आणि ताई ते विसरू देत नाहीत.

"पाहुण्यायले बट्टीसंगं अडकित्ता देजो," शनिवारी त्या फोनच्या स्पीकरवरून म्हणाल्या.

"तू काहीतरी लपवून राहिली," बायको म्हणाली. "रव्याचं प्रमाण खरं सांग मले."

"तुले सांगतलं तेच हाय, बाई."

वाद आकड्यांचा होता, म्हणून मी मध्ये पडलो. दोघींना आठवतील तेवढी मापं विचारली आणि तक्ता आखला. वर कणकेचे गिलास, खाली रव्याचे. बायकोचे बाराला चार, नवाला तीन, सहाला दोन. ताईंचे पंधराला पाच, अठराला सहा. मग एकेक जोडी भाग देऊन लहान केली. बाराला चार, चाराने भागा: तीनास एक. पंधराला पाच, पाचाने भागा: पुन्हा तीनास एक. सगळ्या जोड्या तिथेच आल्या.

"ताई खरं सांगतात. दोघींचं प्रमाण एकच आहे."

"मंग बट्टी काहून येगळी होते? तुमचा कागदच चुकला असन."

मी तिला माझ्यासमोर मोजायला सांगितलं. कणकेचा गिलास तिने काठाच्या वर ढीग येईल अशी चांगली शीग लावून परातीत रिता केला. रव्याचा मात्र बोटाने सपाट केला.

"असं का?"

"गहू चांदूर बाजारच्या आपल्या वावरातला हाय. घरचं धान्य शीग लावूनच मोजा लागते. तुमच्याच आईनं शिकवलं मले. रवा दुकानातला."

फोनमधून ताईंचं हसू ऐकू आलं. "मी तं दोनीही सपाटच घेतो, भाऊजी."

शिगेचे चार गिलास परातीत ओतून मी कणिक पुन्हा सपाट मोजली. पाच गिलास भरली. म्हणजे बायकोच्या बारा गिलासांत कणिक होती पंधरा सपाट गिलास, आणि रवा पाचाऐवजी चारच. तक्त्यात सगळे गिलास मी एकसारखे धरले होते.

"उद्या कणिकही सपाट घे," मी म्हणालो.

"घरचा गहू मी सपाट नाही मोजत. दुसरं काही सांगा."

मग दुसरं सांगितलं: शिगेच्या बारा गिलासांना रवा सपाट पाच. बारास पाच. ही जोडी आणखी लहान होत नाही, दोन्हींना भागणारा आकडा एकाशिवाय नाही. मला हिशेब असा अडलेला सहसा आवडत नाही. हा आवडला.

रविवारी बट्टी बोटांनी फोडताच पापुद्रे सुटले. विहीणबाईंनी तिसरी मागून घेतली आणि प्रमाण विचारलं.

"बारा गिलास कणिक, पाच रवा," बायको म्हणाली. "पण कणकेले शीग पाहिजे, विहीणबाई. सगळं तिच्यातच हाय."