चष्म्याचा निबंध कुणाचा

माझ्या ताईच्या नवऱ्याला सगळे ‘मॅनेजर’ म्हणायचे, आणि हे नाव तो मॅनेजर व्हायच्या कितीतरी आधीपासून त्याला चिकटलं होतं. फरशांच्या शोरूममध्ये तो साधा विक्रेता होता. पण चालायचा असा, की जणू सगळ्या फरशा त्यानेच भाजून काढल्यात. गिऱ्हाईक दारात आलं की हा दोन पावलं मागे सरकून, हात पसरून म्हणायचा, “बघा, घर म्हणजे शेवटी काय असतं?” गिऱ्हाइकाला न्हाणीघरात घसरणार नाही अशी फरशी हवी असायची. ती कुठे ठेवली आहे ते हाताखालच्या पोरीला विचारावं लागायचं.

मी त्यांच्याकडेच राहायची, मागच्या खोलीत. बस डेपोत तिकीट खिडकीवर माझी दुपारची छोटी पाळी असते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचा संसार मला फुकट बघायला मिळायचा. ताई चष्म्याच्या दुकानात कामाला. काडी सैल झाली ती आवळणं, नाकावर वळ उठतोय तो का हे बघणं, आणि मुख्य म्हणजे नवा चष्मा लावून घाबरलेल्या माणसाला समजावणं. दुकानाचा मालक गिऱ्हाइकाशी बोलायला लागला की गिऱ्हाईक आणखी घाबरायचं, म्हणून समजावण्याचं खातं ताईकडे आलं होतं. लग्न झालं तेव्हा तिचं कॉलेज अर्धवट सुटलं. पुढे कुणी विचारलं नाही आणि तिनेही विषय काढला नाही.

मॅनेजरच्या शोरूमने नवी शाखा काढायचं ठरवलं. शाखेवर बसणारा माणूस पदवीधर हवा अशी अट निघाली. आता मॅनेजरची पदवी एका विषयामुळे अडकलेली होती. इतकी वर्षं तो ती झालेलीच आहे असं सांगत आला होता. तो विषय म्हणजे विवेचक लेखन. नाव भारदस्त असलं तरी काम एवढंच, की आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला कळेल अशी लिहायची. कॉलेजने तो अर्धा घरबसल्या आणि अर्धा वर्गात असा ठेवला होता. आठवडाभर संध्याकाळचे तास स्क्रीनवर, निबंध तिथेच चढवायचे, आणि शनिवारी वर्गात बसून चर्चा. लेखनाचा कोर्स, पण कुणासमोर बसून एक ओळ लिहायची नाही. ज्याने हे आखलं असेल त्याला मॅनेजरसारख्यांची फार काळजी असावी.

पहिल्या दिवशी मॅनेजर इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसला. मॅडमनी कॅमेरे बंद ठेवले तरी चालतील असं सांगितल्यावर त्याचा उत्साह तिथल्या तिथे मावळला. थोड्या वेळाने तो उठला आणि म्हणाला, “अगं, जरा बस इथे. मला एक फोन करायचाय. हजेरी घेतली तर ‘उपस्थित’ एवढं टाईप कर.”

ताई बसली. त्याचा फोन कोर्स संपेपर्यंत चालू राहिला म्हटलं तरी चालेल. ती दुकानातून यायची, चहा ठेवायची आणि त्याच्या नावाने वर्गात बसायची. तो आतल्या खोलीत पाय पसरून मॅच बघायचा आणि मधूनच ओरडून विचारायचा, “काही महत्त्वाचं?”

मी ताईला बोलले. मला मनात ठेवता येत नाही. “तुला लाज वाटत नाही का गं?”

“मला आवडतंय,” ती म्हणाली. “शिकवतात छान. लाज वाटते का, ते तुझ्या भावोजींना विचार.”

पहिला निबंध आला: तुम्हाला नीट माहीत असलेली एक गोष्ट समजावून सांगा. मॅनेजर म्हणाला, “लिही काहीतरी. मला वाचायला दे, मी त्यात जान आणतो.” ताईने नव्या चष्म्याची सवय कशी होते यावर लिहिलं. मी तो निबंध वाचला होता. त्यातलं मला अजून आठवतं: ‘नवा चष्मा लावला की जमीन जवळ आल्यासारखी वाटते. डोळा चुकत नसतो, जुन्या सवयीने मोजत असतो.’ आणि वरून लांबचं, खालून जवळचं दिसतं त्या भिंगाबद्दल: ‘वाचताना मान नाही, नजर खाली करायची. जिना उतरताना नजर नाही, मान खाली करायची.’ मॅनेजरने जान आणली ती अशी, की वर आपलं नाव टाकलं आणि शेवटी ‘धन्यवाद’ लिहिलं. ताईने ते ‘धन्यवाद’ खोडलं आणि निबंध चढवला.

मग प्रत्येकाने दुसऱ्यांच्या निबंधांवर अभिप्राय द्यायचा असा नियम होता. ती पानं ताईने मला दाखवली. मी आयुष्यात इतकं गोड आणि इतकं पोकळ काही वाचलं नव्हतं. ‘तुमचे विचार भावले.’ ‘खूप छान मांडणी, पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ एकाने कुकरची शिटी का होते यावर लिहिलं होतं आणि त्यात वाफेचा उल्लेखच नव्हता. त्यालाही सगळ्यांनी ‘माहितीपूर्ण’ म्हणून टाकलं होतं. फक्त मॅनेजरच्या नावाने जायचा तो अभिप्राय धड असायचा. ‘वाफ कुठे आहे?’ एवढंच ताईने विचारलं, आणि तो मुलगा वर्गात मॅनेजरला ‘सर’ म्हणायला लागला.

शनिवारी मात्र मॅनेजरला स्वतः जावं लागायचं, आणि तो हौसेने जायचा. बोलायचं असेल तिथे त्याला कधीच अडचण नव्हती. एका शनिवारी मॅडमनी तो चष्म्याचा निबंध वर्गात वाचायला लावला. वर्गात एक जिमचा ट्रेनर होता, त्याच्या आईला तसाच चष्मा लागला होता. त्याने विचारलं, “सर, मग जिना उतरताना नेमकं काय करायचं? आई पायरी चुकते.”

मॅनेजरने कागद खाली ठेवला होता. तो म्हणाला, “आत्मविश्वास ठेवायचा.”

हे आम्हाला कुणी चुगली करून सांगितलं नाही. जेवताना त्यानेच सांगितलं, वर्ग कसा हसला आणि मॅडमनी सहभागाचे गुण कसे दिले तेही. ताईने पोळी ताटात ठेवली.

“मान खाली करायची,” ती म्हणाली. “त्या बाई पडतील अहो.”

“पडतील कशाला? तू फार बारकाव्यात शिरतेस.”

दुसऱ्या दिवशी ताईने मॅनेजरच्याच नावाने त्या ट्रेनरला वर्गाच्या पानावर नीट लिहून कळवलं. त्याचंही श्रेय मॅनेजरलाच गेलं.

तो पास झाला, तोही चांगल्या श्रेणीत. शाखेची खुर्ची मिळाली आणि नावाची पाटी लागली. पेढे वाटताना तो शेजाऱ्यांना म्हणाला, “लेखन ही साधना आहे.” मी पेढा घेतला नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, हिला मधुमेह झाला की काय.

यानंतर ताईने मला न सांगता एक गोष्ट केली. तिने कॉलेजात आपलं नाव घातलं. आपलं राहिलेलं कॉलेज पुरं करायचं आणि सुरुवात याच विषयाने करायची, असं तिने ठरवलं होतं. मॅनेजरला कळलं तेव्हा तो म्हणाला, “आता या वयात तुला कशाला? आणि हे तर तुला येतंच.” बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं नाही. आमच्या दोघींच्या आलं.

पहिला निबंध पुन्हा तोच: तुम्हाला नीट माहीत असलेली एक गोष्ट. ताईने पुन्हा चष्म्यावरच लिहिलं. जुना समोर घेतला नव्हता, पण आपलंच वाक्य डोक्यात पक्कं बसलेलं असतं. काही सुधारलं, काही जसंच्या तसं आलं. मी तिला म्हटलं होतं, दुसरं काहीतरी घे. ती म्हणाली, “का? माझंच आहे की.”

कॉलेजचं यंत्र मात्र निबंध कुणाच्या डोक्यातून आला ते बघत नाही, कुणाच्या नावावर चढलाय ते बघतं. त्याने सांगितलं, हा मजकूर गेल्या सत्रातल्या एका विद्यार्थ्याचा आहे. ताईला बोलावणं आलं. ज्यांचा मूळ लेख आहे त्यांनीही यावं, असंही मॅडमनी कळवलं.

मॅनेजर त्या संध्याकाळी मॅच न लावता बाहेरच्या खोलीत येऊन बसला. त्याने सगळं ठरवून ठेवलं होतं.

“सोपं आहे,” तो म्हणाला. “तू सांग, घरात माझा निबंध पडला होता, वाचनात आला, डोक्यात राहिला. चूक झाली म्हण. पहिलीच वेळ आहे, समज देऊन सोडतील.”

“म्हणजे मी चोर,” ताई म्हणाली.

“चोर काय? नवराबायकोत कसली आलीय चोरी?”

“मग हेच तुम्ही तिथे सांगा ना भावोजी,” मी म्हटलं. “नवराबायकोत कसली चोरी, म्हणून बायकोचा घेतला.”

“तू मध्ये पडू नकोस. माझी नोकरी आहे ही.” मग त्याने ताईकडे वळून आवाज उतरवला. “घर कशावर चाललंय याचा विचार कर.”

घर दोघांच्या पगारावर चाललं होतं. गॅस, वीज आणि भाजी ताईच्या. ती उठून कुकर लावायला गेली. मला वाटलं, गिळणार ही, आजवर गिळलं तसं. मला तिचाही राग आला.

मी अर्धी रजा टाकून कॉलेजात गेले. मॅडमची खोली म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि धड न लागणारं दार. मी बाहेर बाकावर बसले आणि सगळं ऐकलं, कारण न ऐकायला कानात बोळे घालावे लागले असते.

मॅनेजरने सुरुवात केली. विद्यार्थी, प्रामाणिकपणा, संस्थेची प्रतिष्ठा. बायको भोळी आहे, असंही म्हणाला. तो श्वास घ्यायला थांबला तेव्हा ताई बोलली.

“हा निबंध मी लिहिला. आधीचाही मीच लिहिला. त्यांचे सगळे निबंध मी लिहिले. संध्याकाळच्या तासांना त्यांच्या नावाने मीच बसायचे.”

मॅनेजर हसला. “गंमत करतेय मॅडम. घाबरलीय.”

“मी घाबरलेली दिसते का?” ताईने मॅडमना विचारलं.

मॅडम हळू म्हणाल्या, “मला शंका होती. लिहिणारा माणूस आणि शनिवारी येणारा माणूस एक वाटत नव्हता.”

“मग पास का केलंत?” ताईने विचारलं.

कागद सारखे केल्याचा आवाज आला. “वर्गात छान बोलायचे ते,” मॅडम म्हणाल्या. “आणि सिद्ध काय करणार होते मी?”

मला त्या बाईंबद्दल थोडा आदर वाटायला लागला होता, तो तिथेच संपला.

निकाल दोघांचाही लागला. मॅनेजरची श्रेणी रद्द, म्हणजे पदवी पुन्हा अडकली. ताईला या सत्रात शून्य, कारण दुसऱ्यासाठी लिहून देणं हाही कॉलेजच्या नियमात तितकाच गुन्हा. पुढच्या सत्रात पुन्हा बसायचं. मॅनेजर जिना उतरताना फोनवर कुणाला तरी ‘तांत्रिक अडचण’ असं सांगत होता. आम्हाला मागे टाकून तो स्कूटरवरून निघून गेला.

बस थांब्यावर मी ताईला म्हटलं, “तुला शून्य द्यायचं काय कारण होतं? खरं बोललीस तरी शिक्षा.”

“बरोबर दिलं,” ती म्हणाली. “लिहून दिलं तेव्हा माझा हात कुणी धरला नव्हता. आवडतंय म्हणून केलं, आणि वर त्यांच्यावर उपकार केल्यासारखं मिरवलं मनात. तूच म्हणालीस ना, लाज वाटत नाही का. आज वाटली.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “पण शून्य माझ्या नावावर आहे.”

तिच्या तोंडावर हसू नव्हतं. नाक लाल झालं होतं आणि पर्समध्ये रुमाल सापडत नव्हता.

शाखेची खुर्ची हाताखालच्या त्या पोरीला मिळाली, न घसरणारी फरशी कुठे आहे ते सांगणाऱ्या. पदवी तिच्याकडे होती, फक्त तिने कधी कुणाला ऐकवली नव्हती. मॅनेजर जुन्या शोरूममध्ये परत आला आणि गिऱ्हाइकांना सांगू लागला की शाखेची हवा मानवली नाही. घरी महिनाभर त्याने ताईशी धड बोलणं टाकलं. मला तर त्याचं न बोलणं इतकं मानवलं, की माझं वजन वाढलं.

पुढच्या सत्रात ताई बसली. त्यालाही बसावं लागलं, दुसरा मार्ग नव्हता. आता कॉलेजनेही नियम बदलला. कॅमेरा चालू ठेवायचा, आणि शनिवारी वर्गातच एक पान लिहायचं. घरात दोन टोकांना दोन लॅपटॉप, एकच तास, मॅडमचा आवाज किंचित पुढेमागे दोन्हीकडून. मी मधल्या दारात चहाचा कप घेऊन उभी राहायची. डेपोची खिडकी सोडली तर मला एवढी करमणूक कुठेच नव्हती.

एकदा तो उठून ताईच्या टेबलाशी आला. मग म्हणाला, “पहिलं वाक्य कसं करू?”

ताईने मान वर केली नाही. “मॅडमना विचारा. अभिप्रायाच्या पानावर.”

“तिथे सगळे बघतात.”

“हो,” ती म्हणाली आणि लिहीत राहिली.

त्याने विचारलं की नाही मला ठाऊक नाही. ताई मधल्या श्रेणीत पास झाली. या वेळी तिने बसथांब्यावरच्या रांगेवर लिहिलं होतं. मला तो चष्म्याइतका आवडला नाही आणि तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, बरोबर आहे, घाई झाली. मॅनेजर थोडक्या गुणांनी पुन्हा अडकला. त्याच्या फरशीवरच्या निबंधावर मॅडमनी लिहिलं होतं: ‘पहिल्या पानावर फरशी येत नाही.’ तो रागाने ते आम्हाला वाचून दाखवत होता. ताईने त्याच्या हातातून कागद घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि परत देत म्हणाली, “दुसऱ्या पानावर येते. तिथून सुरू करा.” आणि दुकानाला उशीर होतोय म्हणून चपला घालून निघून गेली.